पोरांचं फुटबॉल सुरू करायचंय? आधी मैदान बघा

"मॅडम, आमच्या गावात पोरांचं फुटबॉल सुरू करायचंय. बॉल कुठल्या कंपनीचे घेऊ?" असा फोन मला महिन्यातून एकदा तरी येतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: मैदान कुणाचं आहे? मग पलीकडे थोडा वेळ शांतता असते.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत खेळ शिकवते आणि संध्याकाळी सहा ते चौदा वयाच्या मुलामुलींचा फुटबॉलचा वर्ग घेते. बारा वर्षं झाली. त्यातली पहिली तीन वर्षं मी सगळी कामं उलट्या क्रमाने केली. आधी बॉल, मग जर्सी, मग स्पर्धा, आणि मैदानाचा विचार सगळ्यात शेवटी. तुमची ती तीन वर्षं वाचावीत म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आमच्याकडे फुटबॉलचं वेड कुणी लावावं लागत नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस अशा संघांचे सामने असले की शाहू स्टेडियम भरून जातं आणि पेठापेठांत दुसरा विषय नसतो. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर मुलांना फुटबॉल खेळायला लावणारी मोठी मोहीम झाली, शाळाशाळांत बॉल पोचले. बॉल एका दिवसात पोचतात. पण आठ वर्षांच्या पोराला रोज संध्याकाळी न ठेचाळता पळता येईल अशी जागा एका दिवसात तयार होत नाही. म्हणून क्रम असा ठेवा.

१. मैदान कुणाचं आहे ते कागदावर शोधा

"गावचं मैदान आहे, सगळे खेळतात" एवढ्यावर विसंबू नका. जागा जिल्हा परिषद शाळेची असेल, खासगी शिक्षण संस्थेची, ग्रामपंचायतीची, गायरानातली, नगरपालिकेच्या आराखड्यात खेळासाठी राखून ठेवलेली, किंवा तालुका क्रीडा संकुलाची. गावात सातबारा आणि शहरात मिळकत पत्रिका काढली की मालक कळतो. मग परवानगी कुणाकडे मागायची तेही कळतं:

- जिल्हा परिषद शाळा असेल तर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती.
- खासगी शाळा असेल तर संस्थेचे सचिव. मुख्याध्यापकांचा तोंडी होकार पुरत नाही, कारण त्यांची बदली होते.
- ग्रामपंचायतीची जागा असेल तर मासिक सभेतला ठराव आणि त्याची नक्कल.
- क्रीडा संकुल असेल तर तालुका किंवा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचं कार्यालय.

अर्जात वार, वेळ, मुलांची संख्या, वयोगट आणि कालावधी स्पष्ट लिहा. कमीत कमी एक वर्षाची मुदत मागा. मैदानाची देखभाल आम्ही करू असं एक वाक्य घाला, त्याने होकार लवकर मिळतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नका.

हे मी का सांगते? आम्ही एका जागेवर दोन वर्षं राबलो. दगड वेचले, पाणी मारलं, खड्डे भरले. मग एका डिसेंबरात तिथे पंधरा दिवसांचं प्रदर्शन भरलं. ट्रकची चाकं रुतली, मांडवाचे खांब पुरले गेले आणि प्रदर्शन उठल्यावर खिळे आणि काचा तिथेच राहिल्या. माझ्याकडे एक ओळीचाही कागद नव्हता, त्यामुळे जाब विचारायला तोंड नव्हतं. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाच्या तळव्यात खिळा घुसला. आता माझ्या प्रत्येक परवानगीपत्रात दोन ओळी असतात: जागा दुसऱ्या कामाला द्यायची तर पंधरा दिवस आधी कळवावं, आणि वापरणाऱ्याने ती साफ करून द्यावी. उरूस, जत्रा, प्रचारसभा, लग्न हे सगळं गावात होणारच. त्यासाठी आधीच लिहून ठेवलेलं बरं.

टर्फचं काय, असं हल्ली पालक विचारतात. तासावर भाड्याने मिळणारं टर्फ आठवड्यातून एकदा ठीक आहे. रोजच्या वर्गाला ते परवडत नाही, आणि परवडलं तरी फी वाढते आणि ज्यांना फी जड जाते ती पोरं मुकाट्याने यायची बंद होतात. शिवाय कृत्रिम गवत उन्हात साध्या गवतापेक्षा खूप जास्त तापतं, आणि अनवाणी पोरं त्यावर भाजून निघतात. लाल मातीचं सपाट, स्वच्छ मैदान रोज मिळत असेल तर मी ते टर्फच्या आधी निवडेन.

२. मैदान पायांनी तपासा

परवानगी मिळाली की वर्ग सुरू करण्याआधी तीनदा मैदानावर जा: एकदा भर दुपारी, एकदा संध्याकाळी तुमच्या वर्गाच्या वेळी, आणि एकदा मोठ्या पावसानंतर. दुपारी दगड, काच, तार दिसतात. संध्याकाळी तिथे आणखी कोण असतं ते कळतं: क्रिकेटवाले, गाडी शिकणारे, गुरं, दारू पिणारे. पाऊस पडून गेल्यावर पाणी कुठे साचतं ते दिसतं. ते कागदावर काढून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

दर वर्गाआधी आमची मोठी मुलं एका रांगेत, हाताच्या अंतरावर उभी राहून मैदान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जातात आणि सापडेल ते बादलीत टाकतात. याला सहा-सात मिनिटं लागतात. नवीन मूल पहिल्या दिवशी हेच शिकतं.

बघायच्या गोष्टी:

रेषेबाहेर चारही बाजूंना किमान तीन मीटर मोकळी जागा हवी. भिंत, विजेचा खांब, ताण दिलेली तार, हातपंप, गटाराचा कठडा यांतलं काही त्या पट्ट्यात असेल तर रेषा आत घ्या. मैदान लहान झालं तरी चालेल.

रस्ता जवळ असेल तर गोल त्या बाजूला लावू नका. बॉलमागे धावणारं पोर गाडी बघत नाही.

उचलून नेता येणारे लोखंडी गोल ही सगळ्यात मोठी धोक्याची वस्तू आहे. पोरं आडव्या दांड्याला लोंबकळतात आणि गोल पुढे उलटतो. असे गोल अंगावर पडून मुलं दगावल्याच्या घटना अनेक देशांत झाल्या आहेत. मागच्या दांडीवर वाळूची पोती टाका किंवा जमिनीत खुंट्या ठोकून ती बांधून टाका. वर्ग संपला की गोल पालथा करून साखळीने बांधा. हे एक काम मी कुणावर सोपवत नाही, स्वतः हलवून बघते.

रेषा मारायला पुष्कळ ठिकाणी चुन्याची फक्की वापरतात. चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, आणि घामेजलेल्या खरचटलेल्या गुडघ्यावरही तो झोंबतो. त्याऐवजी पांढरी रांगोळी वापरा. रांगोळी म्हणजे दगडाची पूड, गोणीने स्वस्त मिळते, आणि रेषा दोन-तीन दिवस टिकते.

आता माती. काळ्या मातीचं मैदान असेल तर ते पावसात चिकटतं आणि उन्हाळ्यात त्याला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. त्यावर तांबडी माती आणि बारीक मुरूम यांचा थर देऊन दाबून घ्यावं लागतं. मध्यभाग थोडा उंच आणि दोन्ही बाजूंना हलका उतार ठेवा, कडेने चर काढा. रोलर फिरवायची वेळ शेतकऱ्याला विचारा, तो एका शब्दात सांगेल: वाफसा आल्यावर. ओल्या चिखलात रोलर रुततो, कोरड्या ढेकळांवर तो नुसता फिरतो.

गवत हवं असेल तर महागड्या लॉनच्या मागे लागू नका. शेतकरी जी हरळी वैतागून खणून बांधावर फेकतो, तीच मैदानाला उत्तम. तुडवलं तरी मरत नाही, पसरत जाते, आणि फुकट मिळते. पहिल्या पावसानंतर वीतभर लांबीच्या काड्या ओळीने लावायच्या, वर माती ओढायची आणि सहा ते आठ आठवडे त्या भागावर कुणाला जाऊ द्यायचं नाही. आम्ही अर्धं मैदान एका वर्षी आणि उरलेलं अर्धं पुढच्या वर्षी केलं, त्यामुळे वर्ग बंद ठेवावा लागला नाही. गोलसमोरची जागा सगळ्यात आधी उघडी पडते. सरावाचे गोल दर आठवड्याला जागा बदलून लावा.

३. पाणी, सावली आणि स्वच्छतागृह

मैदानाची चर्चा निघाली की लोक गवत आणि दिवे यांवर येऊन थांबतात. माझ्या वर्गात मुली टिकल्या त्या स्वच्छतागृहामुळे.

पहिल्या काही वर्षांत माझ्याकडे नऊ-दहा वर्षांच्या पंधराएक मुली होत्या. बारा-तेराच्या झाल्या की एकेक करून कमी व्हायच्या. मला वाटायचं घरचे सोडत नाहीत. एका मुलीच्या आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, संध्याकाळचे दोन तास ती पाणीच पीत नाही. जायचं कुठं?" शाळेचं स्वच्छतागृह पाच वाजता कुलूपबंद होत होतं. किल्लीसाठी मी अर्ज केला, आठवडाभर फेऱ्या मारल्या आणि साफसफाईची जबाबदारी लिहून दिली. किल्ली मिळाली. आत कडी, बादली, कचऱ्याचा झाकणाचा डबा आणि सॅनिटरी पॅडचं एक पाकीट एवढंच ठेवलं. त्यानंतरच्या वर्षी तेरा वर्षांच्या सहा मुली वर्गात राहिल्या.

त्यामुळे परवानगी मागतानाच स्वच्छतागृहाची किल्ली, पिण्याच्या पाण्याचा नळ आणि कपडे बदलायला एक बंद खोली मागून घ्या. नंतर मागितलं तर ते वेगळं काम होऊन बसतं. पाण्याची सोय नसेल तर प्रत्येकाने घरून लिटरभर आणायचं आणि आपण वीस लिटरचा एक जार जादा ठेवायचा. सावलीसाठी मैदानाच्या पश्चिमेच्या कडेला झाडं लावा, संध्याकाळच्या वर्गाला त्याच बाजूची सावली उपयोगी पडते.

आइसलँडचं उदाहरण मी ग्रामपंचायतीच्या सभेत नेहमी देते. २०१६ च्या युरो स्पर्धेत त्यांनी इंग्लंडला २-१ असं हरवलं. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत एकट्या कोल्हापूर शहराची साडेपाच लाखांजवळ होती. तिथे थंडीमुळे वर्षातले कित्येक महिने बाहेर खेळता येत नव्हतं. त्यांनी २००० सालापासून छताखालची मैदानं बांधली, शाळांच्या शेजारी छोटी मैदानं केली, आणि त्याच काळात लहान मुलांसाठीही प्रशिक्षित कोच तयार केले. आपली अडचण बर्फाची नाही. आपल्याला कुलूप उघडायचंय आणि दगड वेचायचेत.

४. तुमची स्वतःची तयारी

चांगलं खेळत होतो म्हणून चांगलं शिकवता येईल असं होत नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या कोचिंगच्या पायऱ्या आहेत. अगदी लहान मुलांसोबत काम सुरू करणाऱ्यांसाठी ई, त्यावर डी, मग सी आणि पुढचे. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन म्हणजे विफा आणि जिल्हा संघटना यांच्यामार्फत या अभ्यासक्रमांची माहिती मिळते. डीसाठी वयाची अठरा वर्षं पूर्ण हवीत. जागा मोजक्या असतात, म्हणून जिल्हा संघटनेच्या कार्यालयात नाव सांगून ठेवा.

प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्या. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक आणि जवळच्या दवाखान्याचा रस्ता तुमच्यासोबतच्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत हवा. डोक्याला मार लागला आणि मूल गांगरलं, त्याला मळमळलं किंवा ते विचारलेलं विसरलं, तर त्याला लगेच बाहेर काढा, त्या दिवशी परत खेळवू नका आणि डॉक्टरांना दाखवा. मूल "मी बरा आहे" म्हणेल. तरीही नाही.

मुलांच्या सुरक्षेचे नियम पहिल्याच दिवशी लिहून भिंतीवर लावा. तुम्ही आणि तुमचे मदतनीस, सगळ्यांनी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचं प्रमाणपत्र काढा. कुणीही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत थांबणार नाही, मुलांना वैयक्तिक मेसेज करणार नाही, जे काय सांगायचं ते पालकांच्या ग्रुपवर. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या माणसाला समजावून सांगू, गावातलं गावात मिटवू, हा मार्ग कायद्याला मान्य नाही आणि मुलाच्या हिताचाही नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक मुलांना तोंडपाठ करून घ्या.

५. मुलांची कागदपत्रं

प्रत्येक मुलाची एक फाईल करा. त्यात हे असावं:

- जन्मदाखल्याची प्रत, मूळ दाखला बघून घेतलेली
- आधारकार्डाची प्रत आणि दोन फोटो
- पालकांचं संमतीपत्र, फोटो काढण्याच्या वेगळ्या परवानगीसह
- दमा, फिट, हृदयाचा त्रास, औषधाची ॲलर्जी यांची माहिती
- दोन फोन नंबर, त्यातला एक शेजाऱ्याचा किंवा नातेवाइकाचा
- घरी न्यायला कोण येणार त्याचं नाव

जन्मतारखेच्या बाबतीत अजिबात सवलत देऊ नका. "एकाच वर्षाचा फरक आहे, खेळू दे की," असं प्रेमाने सांगणारे खूप भेटतील. पुढे महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत, म्हणजे सीआरएसमध्ये, नाव गेलं की कागदपत्रं जुळावी लागतात, आणि खोटं निघालं तर त्या पोराचं भवितव्य अडकतं. शिवाय बारा वर्षांच्या मुलांत पंधरा वर्षांचा खेळला की लहान पोरांना दुखापत होते.

संस्था नोंदवण्याची घाई पहिल्या वर्षी नको. दोन-तीन वर्षं वर्ग टिकला, सात विश्वासू माणसं जमली की धर्मादाय आयुक्तांच्या विभागीय कार्यालयात नोंदणी करा. मग संस्थेच्या नावाने पॅन, बँक खातं आणि दरवर्षीचं ऑडिट. तोपर्यंत जमाखर्च एका वहीत लिहा आणि तो महिन्याला पालकांना दाखवा.

६. साहित्य

आता बॉल. आठ वर्षांपर्यंत तीन नंबर, आठ ते बारा चार नंबर, त्यापुढे पाच नंबर. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. सात वर्षांच्या पोराने तो मारला की पाय दुखतो आणि ते बॉलला घाबरायला लागतं. स्वस्तात मिळाले म्हणून सगळे पाच नंबर आणणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. दोन मुलांमागे एक बॉल हे कमीत कमी.

बाकी फारसं लागत नाही. वीस-पंचवीस मार्कर (खुणेला ठेवायच्या प्लास्टिकच्या चकत्या), दोन रंगांची बिब (संघ ओळखायला कपड्यांवरून घालायची बनियनं), पंप आणि त्याच्या जादा सुया, शिट्टी, प्रथमोपचार पेटी, बॉलची जाळी. छोटे गोल पीव्हीसी पाइपचे होतात. गोल दाखवायला विटा किंवा दगड ठेवू नका, पोरं त्यांवरच पडतात. पाण्याच्या अर्ध्या भरलेल्या बाटल्या ठेवा.

बुटांबद्दल पालकांना एवढंच सांगा: मातीवर साधे कॅनव्हासचे किंवा रबरी गुट्ट्यांचे (स्टडचे) बूट, धातूच्या गुट्ट्या नकोत. लहान झालेले बूट आमच्याकडे एका पेटीत जमा होतात आणि पुढच्या पोराला जातात. नव्या बुटांचा हट्ट मी कुणाला धरू देत नाही.

७. गट पाडा आणि मैदान लहान करा

अकरा विरुद्ध अकरा हा मोठ्यांचा खेळ आहे. दहा वर्षांच्या बावीस पोरांना पूर्ण मैदानावर सोडा आणि एका कोपऱ्यात बसून एकाच मुलाकडे बघत मोजा, दहा मिनिटांत त्याचा पाय बॉलला किती वेळा लागला. मी मोजलं होतं. आमच्या डाव्या बाजूच्या बचावपटूला दोनदा लागला.

साधारण असं ठेवा: सहा ते आठ वर्षांसाठी चार किंवा पाच जणांचा संघ, नऊ-दहाला सात, अकरा-बाराला नऊ, तेरानंतर अकरा. पाच-पाचच्या सामन्याला साधारण ३७ मीटर लांब आणि २७ मीटर रुंद जागा लागते, सात-सातला ५५ बाय ३७, नऊ-नऊला ७३ बाय ४६. म्हणजे मोठ्या मैदानाच्या फक्त अर्ध्या भागात पाच-पाचचे दोन सामने शेजारी शेजारी चालतात आणि वीस पोरं एकाच वेळी खेळतात. उरलेल्या अर्ध्यात हरळी वाढू द्या. पूर्ण आकाराचं मैदान नाही म्हणून अडून बसलेल्या कितीतरी लोकांना हे गणित सांगितल्यावर वाट सापडली आहे.

गोलही लहान हवेत. मोठ्यांचा गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच असतो. नऊ वर्षांचा गोलकीपर त्यात उभा केला की डोक्यावरून उंच मारलेला प्रत्येक बॉल गोल होतो. मग सगळी पोरं नुसती उंच मारायला शिकतात, आणि गोलकीपर व्हायला कुणी तयार होत नाही.

८. एक तास कसा घालवायचा

मी स्वतः रांगेत उभं राहून शिकले. पंधरा जण रांगेत, एक बॉल, प्रत्येकाचा नंबर तीन मिनिटांनी. त्याआधी मैदानाला पाच फेऱ्या. सुरुवातीला मीही तसंच शिकवलं, कारण दुसरं काही पाहिलेलंच नव्हतं. आता माझ्या वर्गात रांग लागत नाही आणि फेऱ्या मारल्या जात नाहीत. शिक्षा म्हणून तर कधीच नाही. पळणं ही शिक्षा आहे असं एकदा पोराच्या डोक्यात बसलं की सामन्यात ते मनापासून पळत नाही.

दहा वर्षांच्या गटाचा माझा एक नेहमीचा तास सांगते. विषय एकच: बॉल येण्याआधी मान वळवून मागे बघणं.

पहिली दहा मिनिटं. जे येतील ते लगेच खेळायला लागतात, दोघे-तिघे असले तरी. सगळे जमेपर्यंत कुणी थांबत नाही. नंतर बॉलसोबत शिवाशिवी: प्रत्येकाच्या पायाशी बॉल, दोघांवर राज्य. राज्य कुणावर आहे ते बघायला मान वर करावीच लागते, म्हणजे विषय नकळत सुरू झालेला असतो. याच वेळात एका पायावर तोल धरणं, उडी मारून दोन्ही पायांवर हलकं उतरणं असले प्रकार घाला, दुखापती कमी होतात.

पुढची पंधरा मिनिटं. आठ-आठ पावलांचे चौकोन आखायचे, चार जण कडेला, एक मध्ये. कडेच्यांनी बॉल फिरवायचा, मधल्याने अडवायचा. मी मागे उभी राहून हाताची बोटं वर करते. ज्याच्याकडे बॉल येणार आहे त्याने बॉल येण्याआधी मागे बघून आकडा ओरडायचा. दोन दिवसांत पोरं ओरडायला लागतात, दोन आठवड्यांत मान आपोआप वळते.

पाण्याची सुट्टी. उन्हाळ्यात दर पंधरा मिनिटांनी, तहान लागो वा न लागो.

नंतरची दहा-बारा मिनिटं दोन विरुद्ध दोन, चार छोट्या गोलांवर. प्रत्येक संघाला हल्ला करायला दोन गोल असतात, त्यामुळे एका बाजूला गर्दी झाली की दुसरीकडे बघावं लागतं.

उरलेली वीसेक मिनिटं पाच-पाचचा सामना. इथे मी गप्प बसते. हे सगळ्यात अवघड आहे. "पास दे! मार! मागे ये!" असं बाहेरून सतत ओरडलं की पोरं बॉल सोडून माझ्याकडे बघतात. काही सांगायचं असेल तर खेळ थांबल्यावर त्या एका मुलाला जवळ बोलावून विचारते, "तुला मागे कोण दिसलं?" उत्तर बरोबर असो की चूक, ते बघायला लागलेलं असतं.

हेडिंगचा सराव बारा वर्षांखाली मी घेत नाही. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने २०२० मध्ये प्राथमिक शाळेच्या वयाच्या मुलांच्या सरावातून ते काढून टाकायला सांगितलं, आणि अमेरिकेत त्याआधीच दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना मनाई झाली होती. पोरं सामन्यात डोकं लावतील ती लावतील, आपण मुद्दाम शंभर वेळा करून घेऊ नये.

आणि प्रत्येक मूल प्रत्येक जागेवर खेळू दे. दहाव्या वर्षी "हा बॅक, हा फॉरवर्ड" असं ठरवू नका. आमच्याकडे सगळ्यात हळू पळणारा मुलगा दोन वर्षं गोलमध्ये उभा केला जात होता. पुढे आणल्यावर कळलं की सगळ्यांत आधी मोकळी जागा त्यालाच दिसते.

९. पालक आणि पहिली स्पर्धा

वर्ग सुरू झाल्यावर पंधरा दिवसांत पालकांची बैठक घ्या. फी, वेळ आणि नियम सांगा, आणि एक विनंती करा: रेषेबाहेरून टाळ्या वाजवा, सूचना देऊ नका. आमच्या भागात मोठ्यांच्या सामन्यांची ईर्षा घराघरांत आहे. तिच्यामुळेच पोरं मैदानावर येतात, म्हणून मी तिला नावं ठेवत नाही. पण दहा वर्षांच्या सामन्यात पंचाला घेरायचं नाही, हे मात्र ठामपणे सांगावं लागतं.

पहिल्या वर्षी बाद पद्धतीच्या स्पर्धेत जाऊ नका. एक सामना हरला की पोरं घरी, आणि जिंकण्यासाठी कोच ठरावीक आठ जणांनाच खेळवतो. शेजारच्या तीन-चार गावांना बोलवा, दर रविवारी छोटे सामने, प्रत्येक मुलाला किमान अर्धा वेळ. चषक नको, खिचडी पुरे. शालेय स्पर्धा, सुब्रतो कप वगैरे शाळेच्या नावाने जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत खेळायच्या असतात. त्यांची नोंदणी पावसाळ्यातच येऊन जाते आणि उशीर झाला की वर्ष जातं. त्यामुळे जून उजाडला की शाळेच्या शिक्षकांना आठवण करा.

१०. पाऊस, वीज, ऊन

ढग गडगडले की खेळ बंद, मुलं पक्क्या इमारतीत. झाडाखाली आणि पत्र्याच्या मांडवात नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा. वळवाच्या पावसात, एप्रिल-मेमध्ये, हा नियम सगळ्यात जास्त लागतो आणि नेमका तेव्हाच मोडला जातो, कारण मुलं सुट्टीवर असतात आणि खेळ रंगलेला असतो.

चिखलात खेळायला पोरांना आवडतं, पण पाणी साचलेल्या मैदानावर एक संध्याकाळ खेळलात की पुढचे दोन महिने खड्ड्यांत खेळावं लागतं. मुसळधार पावसाच्या आठवड्यांत आम्ही शाळेच्या व्हरांड्यात बॉल ताब्यात ठेवण्याचे खेळ घेतो. उन्हाळ्यात वर्ग सकाळी साडेसहाला.

११. मैदानाची वही

माझ्याकडे हजेरीच्या वहीशेजारी मैदानाची वेगळी वही असते. पाणी कुठे साचलं, कुठली जागा उघडी पडली, कुणाला कशामुळे लागलं, कधी माती टाकली, किती ट्रॉल्या, कुणी दिल्या. परवानगीचं नूतनीकरण मागायला जाताना हीच वही घेऊन जाते. पाच वर्षांची पानं समोर ठेवली की समोरच्या माणसाचा सूर बदलतो. गेल्या वेळी ती चाळूनच आम्हाला कडेच्या चरासाठी मदत मिळाली.

वर्षाची कामं साधारण अशी पडतात. पावसाळा संपून वाफसा आला की खड्डे भरून रोलर. दिवाळीनंतर रेषा, गोलांना रंग, साखळ्यांची तपासणी. फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा पाणी, टँकर मिळाला तर गोलसमोर आधी. मे महिन्यात चर साफ करून घ्या. आणि हरळी लावायची असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात ज्यांच्या शेतात कुळव चालू आहे त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा, काड्या ओल्या पोत्यात बांधून सावलीला ठेवा आणि मृगाचा पहिला चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या पोरांना खुरपी घेऊन बोलवा.